माळ्यावरचे काडतूस आणि मृगाआधीचे घर

मुंबई-कोलकाता महामार्गाने भंडाऱ्याकडून पूर्वेला येताना साकोली मागे पडली की थोड्याच वेळात सौंदड लागते. तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वे इथूनच जाते. उत्तरेला आणि दक्षिणेला नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल, मधे धानाच्या बांध्या, जागोजागी तलाव. याच महामार्गाने उलट पश्चिमेला निघालात तर भंडारा ओलांडल्यावर जवाहरनगर येते. तिथला आयुध निर्माणी कारखाना १९६४ पासून तोफा-बंदुकांची दारू आणि स्फोटके बनवतो. थोडे पुढे अंबाझरी, खाली चंद्रपूरच्या बाजूला भद्रावती, वर्ध्याकडे पुलगावचे दारूगोळ्याचे कोठार. देशाच्या दारूगोळ्याचा मोठा हिस्सा आपल्या विदर्भाच्या मातीत घडतो आणि साठवला जातो.

म्हणून ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या, भोंगे वाजले, दिवे मालवले गेले, तेव्हा आमच्या भागातल्या तरुण पोरांनी विचारलेला प्रश्न मला अस्थानी वाटला नाही. घरात काय साठवून ठेवावे? बंदूक असावी का? काडतुसे कुठे मिळतात? अमेरिकेत लोक घरीच काडतुसे भरतात, ते आपल्याला जमेल का? प्रश्न खरा होता, तर उत्तरही खरे आणि पुरते द्यायला हवे.

आधी काडतुसाचे बघू. हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला आणि १८५७ ने तो घरोघरी पोचवला. काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेचे किंवा प्लास्टिक-पुठ्ठ्याचे कवच, बुडाला ठोका बसताच पेटणारी टोपी, आत दारू, आणि पुढे गोळी किंवा छरे. आपल्याकडे परवानाधारकांच्या घरात जास्त दिसते ती बारा बोअरची बंदूक. बारा बोअर म्हणजे बारा इंच किंवा बारा मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर. तिची काडतुसे पुण्याच्या खडकीतल्या कारखान्यात बनतात. तो कारखाना १८६९ चा, आणि जुन्या माणसांना काडतुसाच्या बुडावरची त्याची 'के. एफ.' ही अक्षरे अजून आठवतात.

ही काडतुसे मिळतात फक्त परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, आणि तीही बंदुकीचा परवाना दाखवूनच. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. एका वेळी जवळ किती काडतुसे ठेवायची आणि वर्षात किती विकत घ्यायची हे परवान्यावरच लिहिलेले असते, आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. परवाना जिल्हा दंडाधिकारी देतात, पण आधी पोलिस ठाण्याचा चौकशी अहवाल लागतो. गडचिरोलीसारखाच आपला जिल्हाही नक्षलवादाची झळ सोसलेला; इथे बंदुकीच्या कागदाकडे सहज म्हणून कोणी पाहत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की कित्येक परवानाधारकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. म्हणजे अडीअडचणीसाठी म्हणून घेतलेली वस्तू नेमक्या त्या महिन्यात घरात नसण्याचीही शक्यता आहे.

घरी काडतुसे भरण्याचा प्रश्न त्याहून सरळ आहे. अमेरिकेत वापरलेले कवच पुन्हा घेऊन त्यात नवी टोपी, मोजलेली दारू आणि गोळी बसवणे हा हजारो लोकांचा छंद आहे. २०१३ च्या सुमारास आणि पुन्हा २०२० मध्ये तिथल्या दुकानांतून काडतुसे संपली, तेव्हा या छंदाला आणखी जोर आला. आपल्याकडे मात्र दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो आणि तो घरगुती वापरासाठी मिळत नाही. बंदुकीची दारू तर विस्फोटक कायद्यातही येते. तो कायदा राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि ८ कामगार गेले. आयुष्यभर हेच काम करणारी, शिकलेली, सगळी यंत्रे आणि नियम हाताशी असलेली ती माणसे होती. त्यांच्या हातूनही जी गोष्ट निसटते, ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करून पाहायची नसते. हे मी घाबरवायला लिहीत नाही. त्या आठ घरांचा विचार मनातून जात नाही म्हणून लिहितो.

आणि साठवलेली काडतुसे लोणच्यासारखी मुरत नाहीत, ती बिघडतात. आजची बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते. हा पदार्थ अगदी हळूहळू आपोआप विघटत राहतो, त्यातून नायट्रोजनचे वायू सुटतात आणि तेच वायू पुढचे विघटन वाढवतात. हे थोपवायला दारूत डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक मिसळतात. स्थिरक हे वायू शोषून घेते, पण शोषता शोषता स्वतः संपत जाते. उष्णता जितकी जास्त तितके ते लवकर संपते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर तर त्याहूनही किती चढत असेल. त्यावर पावसाळ्याची चार महिन्यांची ओल. टोपी ओलसर, दारू थकलेली, कवचावर हिरवा गंज, असे काडतूस एक तर फुसके निघते किंवा घोडा ओढल्यावर काही क्षणांनी उडते. हा उशिरा उडणारा बार सगळ्यात वाईट, कारण तोवर माणसाने नळी आपल्याकडे वळवून आत डोकावलेले असते. परवानाधारकाने न उडालेल्या काडतुसाच्या वेळी नळी निर्धोक दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबायचे असते.

आमच्या भागात याहून जास्त घरांना लागू पडणारी गोष्ट वेगळीच आहे. आजोबांच्या नावावर पीक राखायला म्हणून ठासणीची, भरमार बंदूक होती. पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहेच. आजोबा गेले, बंदूक माळ्यावर राहिली, शेजारी डब्यात जुनी दारू आणि टोप्या. घरच्यांना वाटते ही आपली वडिलोपार्जित वस्तू. कायद्याच्या लेखी परवानाधारक गेला की ती वस्तू घरात ठेवण्याचा अधिकारही गेला. वारसाने विनाविलंब ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि हवी असेल तर आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. स्वतःहून जमा करणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि झडतीत सापडलेल्याची वेगळी. डब्यातली दारू मात्र हलवायला, उन्हात वाळवायला, चुलीत टाकायला जाऊ नये. ठाण्यात कळवावे, ते घेऊन जातील. शेतात, नाल्यात, जंगलाच्या कडेला एखादी अनोळखी धातूची वस्तू दिसली तरीही हेच करायचे: हात न लावता मागे फिरायचे आणि ११२ वर फोन.

रानडुकराचा त्रास खरा आहे, रात्र रात्र मचाणावर काढणाऱ्या शेतकऱ्याला तो कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण त्यावर उपाय म्हणून कुंपणात सोडलेली वीज आणि कणकेत गुंडाळलेले गावठी बॉम्ब यांनी जितका घात केला आहे तितका डुकरांनीही केला नसेल. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' वाघ चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि साऱ्या देशाला ठाऊक झाला. त्याचा बछडा 'श्रीनिवास' एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ शेताच्या विजेच्या कुंपणाला चिकटून मेला. अशाच तारांना पहाटे बांधीवर निघालेली माणसेही चिकटून मेली आहेत.

तर बंदुकीचे इतके पुरे. मला जे खरे सांगायचे आहे ते पुढे आहे.

सौंदडच्या घरावर संकट येते ते बहुतेक वेळा तारीख सांगून येते. मृग नक्षत्र लागले की वीज. रोवणी सुरू झाली की साप. श्रावण-भाद्रपदात पूर आणि तलावाची पाळ. धान कापून पुंजणे लागले की आग. माघापर्यंत बंद खोलीतली शेगडी, चैत्रापासून ऊन. इतके ठरलेले वेळापत्रक हाती असताना आपण तयारी करतो ती टीव्हीवर पाहिलेल्या संकटाची. मृगाच्या आधीच्या आठवड्यात बियाणे बघतो, औत बघतो, छपरावरची कवेलू फेरतो. त्याच आठवड्यात आणखी दोन दिवस काढले तर घराची खरी तयारी पुरी होते.

विजेपासून सुरू करतो. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांची रांग डोळ्यांसमोर आणा. सभोवती सपाट पाणी, मधे त्याच काय त्या उंच वस्तू, आणि बांधावर एक मोहाचे झाड. पाऊस आला की सगळ्या त्या झाडाखाली धावतात. विजेने मरणाऱ्यांतले पुष्कळ जण असेच मरतात. वीज झाडावर पडते, तिथून उडी मारून शेजारच्या माणसाच्या अंगावर येते किंवा मुळांवाटे जमिनीत पसरते. जमिनीत पसरताना झाडाजवळ दाब जास्त आणि लांब कमी असतो. दोन पावलांत जितके अंतर, तितका त्या दोन पावलांमधला फरक मोठा, आणि त्या फरकामुळे वीज एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरते. गाई-म्हशींचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात आणि मधे काळीज असते, म्हणून एका झाडाखालची अख्खी दावण एकाच वेळी कोसळते. उघड्यावर सापडलात आणि कुठेच आसरा नसेल तर पाय जुळवून, उकिडवे बसून, डोके खाली घालून राहायचे. आडवे पडायचे नाही. एकमेकींना धरून बसायचे नाही; अंतर ठेवून विखरायचे.

लखलखाट झाल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर चालतो. तिसाच्या आत गडगडाट आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या डोक्यावर पडू शकते. काम सोडायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत बांधीत उतरायचे नाही. मुकादम किंवा शेतमालक यावर कुरकुर करतील, पण अर्ध्या तासाची मजुरी हा रोवणीतला सगळ्यात लहान खर्च आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेले 'दामिनी' हे अॅप आपल्या जागेभोवती वीज कुठे पडते आहे ते दाखवते आणि पुढच्या काही मिनिटांचा इशारा देते. रोवणीच्या प्रत्येक टोळीत निदान एका फोनवर ते असावे. फोन नसेल तर जुना मीडियम वेव्हचा रेडिओसुद्धा कामाचा आहे, वीज जवळ येऊ लागली की तो करकरतो.

आणि एक गोष्ट गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावता येतो. त्याचे हृदय थांबलेले असते, पण बऱ्याचदा शरीर धडधाकट असते, म्हणून छाती दाबून ते परत चालू होण्याची शक्यता इतर अपघातांपेक्षा जास्त असते. छातीच्या मधोमध दोन्ही हातांचे तळवे एकावर एक ठेवून, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचे, १०८ ची गाडी येईपर्यंत. अनेकांवर एकदम वीज पडली असेल तर कण्हणाऱ्यांकडे नव्हे, निपचित पडलेल्यांकडे आधी धावायचे. शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्यात जी पहिली दहा मिनिटे जातात, तीच त्याच्या हाती उरलेली असतात.

आता साप. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यांतली, बहुतेक पावसाळ्यातली. कोणत्याही शत्रूने आपली इतकी माणसे मारली असती तर देशाने काय केले असते याचा विचार करा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले, ही चांगली गोष्ट झाली. पण दंश होतो तो आपल्या सांदवाडीत.

आपल्याकडे नाग, मण्यार आणि घोणस, म्हणजे आपली परड, यांच्याशी गाठ पडते. परड बांधावर, गवतात, पुंजण्याखाली असते, पायाला चावते, रक्त गोठण्याची शक्ती नाहीशी करते. नाग चावला की दुखते, सुजते, पापण्या मिटू लागतात. मण्यार सगळ्यात फसवी. ती रात्री घरात येते, उंदरामागे धानाच्या कोठीपर्यंत, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा जाग येत नाही, खूणही दिसत नाही, सूजही नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा जड होतो, पापण्या उचलत नाहीत. घरचे समजतात अपचन झाले आणि ओवा-सोडा देतात. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर साप दिसला नसला तरी सर्पदंश धरून चालायचे. हे वाक्य मी प्रत्येक घराच्या दारावर लिहून ठेवीन.

त्यावरची तयारी स्वस्त आहे. बाज किंवा पलंग, आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. नुसती सोडलेली नाही, खोचलेली. मच्छरदाणीने हिवताप आणि मण्यार दोन्ही अडतात. उशाशी चालू स्थितीतली बॅटरी. बांधीत गमबूट, नाहीतर रात्री पाण्याची पाळी बघायला जाताना निदान काठी आणि उजेड. घराच्या भिंतीला टेकवून सरपण रचू नये, धानाची कोठी झोपायच्या खोलीत नसावी.

चावल्यावर काय करायचे नाही याची यादी लांब आहे आणि आपण नेमके तेच करतो. दोरी आवळायची नाही, चिरायचे नाही, चोखायचे नाही, मांत्रिकाकडे न्यायचे नाही, साप मारून आणण्यात वेळ दवडायचा नाही. हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळी लावून स्थिर ठेवतात तसा ठेवायचा, अंगठ्या-जोडवी-बांगड्या काढायच्या, माणसाला चालू द्यायचे नाही, आणि निघायचे. दवाखान्यात विषाची खात्री पटल्यावर सुरुवातीलाच सर्पविषरोधी लसीच्या साधारण ८ ते १० बाटल्या शिरेतून द्याव्या लागतात. परडीचे विष भिनले का हे पाहण्यासाठी डॉक्टर काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर विष भिनले. इतकी साधी ती चाचणी आहे.

दारूगोळा कुठे मिळतो हे विचारायचेच असेल तर ते इथे विचारावे. मृगाच्या आधी गावातल्या दोघा-तिघांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, सडक अर्जुनीच्या ग्रामीण रुग्णालयात आणि साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन नीट, आदराने विचारायचे: लसीच्या किती बाटल्या आहेत? रात्री देणारे डॉक्टर असतात का? श्वास थांबला तर कृत्रिम श्वासाची सोय कुठवर आहे, की थेट गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागेल? उत्तरे एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची. साठा कमी असेल तर जूनमध्ये मागणी करता येते, चावल्यावर नाही. आमच्या ओळखीतल्या एका घराने पावसाळ्यातल्या एका रात्री तीन ठिकाणी गाडी फिरवली. माणूस वाचला, पण त्या तीन ठिकाणांपैकी पहिली दोन टाळता आली असती.

पाण्याचे बोलू. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशात सिवनीकडे अतिवृष्टी झाली, संजय सरोवरातून पाणी सोडावे लागले, वैनगंगा फुगली आणि खाली गोसीखुर्दची ३३ च्या ३३ दारे उघडली. भंडारा शहरात पाणी शिरले, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतली नदीकाठची गावे बुडाली. आपल्या तालुक्यातून वाहणारी चुलबंद याच वैनगंगेला मिळते. मोठी नदी तुंबली की लहान नदीचे पाणी पुढे सरकत नाही, मागे पसरते. वरच्या धरणातून सोडलेले पाणी खाली यायला काही तास लागतात. तेवढा वेळ आपल्या हाती असतो, बातमी वेळेवर पोचली तर. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आमच्याकडे पुराइतकीच भीती तलावाची असते. भंडारा-गोंदियाचा हा मुलूख तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. मालगुजारी गेल्यावर ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव झाले. मला तर घराच्या तयारीचा याहून मोठा नमुना माहीत नाही. पावसाने ऐन पोटरीत दडी मारली तर धान वाचवायला पाणी अडवून ठेवणे हीच ती तयारी, आणि ती एकट्या घराची नव्हती, गावाची होती. पाळ, पाणी सोडायचा तुडूम आणि जादा पाणी काढून देणारा सलंग, या तिन्हींवर गावाची नजर असे. आता पाळीवर झाडोरा वाढतो, खेकडे-उंदीर भोके पाडतात, सलंगासमोर कुणी बांध घालतो. एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पाऊस पडला की सलंगावरून न निघालेले पाणी पाळ फोडते आणि खालच्या वस्तीकडे येते. मे महिन्यात पाळीवरून एक फेरी मारली तर या गोष्टी उघड्या डोळ्यांना दिसतात.

पूर ओसरला की रोगराई येते, ती पाण्यातून. विहीर बुडाली असेल तर शुद्धीकरण होईपर्यंत तिचे पाणी उकळून प्यायचे, खदखदून उकळी आल्यावर निदान एक मिनिट. तुरटी किंवा जंगलातली निवळीची बी फिरवली तर गढूळपणा खाली बसतो, जंतू मात्र मरत नाहीत. आधी निवळणे आणि मग उकळणे किंवा क्लोरीन. ब्लिचिंग पावडरचे पोते उघडे राहिले तर तिचा जोर उडून जातो. हगवण लागली की एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्यायला माणशी रोज तीन लिटर पाणी धरून तीन दिवसांचे झाकून ठेवावे.

खाण्याची काळजी धानाच्या मुलखात कमी. पोहे, मुरमुरे, फुटाणे, गूळ, वाळवलेली मोहफुले. चूल पेटली नाही तरी चालेल असे पुष्कळ काही घरात असते. फक्त एकाच धान्यावर महिनोन्महिने विसंबू नये. आपल्या लाखोळी डाळीची कथा यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतर जेवणाबरोबर पिढ्यान् पिढ्या खाल्लेली ही डाळ दुष्काळात एकटीच मुख्य अन्न झाली, तेव्हा ठिकठिकाणी माणसांचे पाय लुळे पडले.

औषधांचे बघा. रक्तदाब, साखर, फिट यांच्या गोळ्या निदान पंधरा दिवसांच्या हाताशी हव्यात. वीज गेली आणि घरात इन्सुलिन असेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मडक्यात सावलीला ठेवावी.

आगीबद्दल एकच सांगतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, १० बाळे गेली, आणि त्यातली बहुतेक ज्वाळांनी नव्हे, धुराने. घर पेटले की धूर वर राहतो, म्हणून वाकून, रांगत बाहेर पडायचे. थंडीत दार लावून खोलीत शेगडी ठेवणे हाही धुराचाच प्रकार, फक्त तो कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि माणसे झोपेतून उठत नाहीत. सिलिंडरचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करायचे नाही, बंदही नाही. खिडक्या उघडून बाहेर येऊन १९०६ वर कळवायचे.

कागद प्लास्टिकच्या जाड पिशवीत, छताच्या आढ्याला टांगून: सातबारा, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, आणि बंदूक असेल तर तिचा परवानाही. कुणी दगावले तर दुःखाच्या त्या घडीला शवविच्छेदन नको वाटते, पण वीज किंवा साप यांनी मृत्यू झाल्याची सरकारी नोंद त्यावरच उभी असते. विजेने गेलेल्याच्या वारसांना आपत्ती निधीतून ४ लाख रुपये मिळतात. शेतकरी कुटुंबातला माणूस साप चावून गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख. तलाठ्याला आणि पोलिस पाटलाला त्याच दिवशी कळवावे, पंचनामा करून घ्यावा.

मृगाला दोन दिवस उरले असतील तर आज संध्याकाळी एवढे करा. माळ्यावर चढा. आजोबांची बंदूक असेल तर तिला हात न लावता खाली या आणि उद्या सकाळी ठाण्यात जा. मग बॅटरीत नवे सेल घाला, मच्छरदाणीची भोके शिवा, आणि खाली अंथरूण टाकणाऱ्या म्हाताऱ्या आईसाठी बाज आत घ्या.